विरळ हवेतली शर्यत: खानदेशातून उंचावरच्या आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्रीला जाताना

जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटर उंचीवर आहे. नंदुरबार जवळपास तेवढंच, धुळं थोडं वर. आपला दम, आपलं रक्त, आपला धावण्याचा ठेका, सगळं तापीच्या खोऱ्यातल्या दाट हवेत घडलेलं असतं. अशा मुलाची किंवा मुलीची क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे गवत-मातीच्या चढउतारांवरून धावण्याच्या शर्यतीच्या, संघात निवड होते आणि स्पर्धेचं ठिकाण निघतं दीड-दोन हजार मीटरवरचं. गावात पेढे वाटले जातात, बूट नवे येतात, आणि उंचीचा विचार करायला कुणालाच सुचत नाही. मी गेली अनेक वर्षं शहादा-तळोदा भागातल्या मुलामुलींना लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव देतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे, त्यांच्या घरच्यांसाठी आहे, आणि रोज पहाटे मैदानावर उभ्या राहणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी आहे.

उंचावरची शर्यत कुठे आफ्रिकेतच होते असं समजू नका. मार्च २०२२ मध्ये कोहिमाला राष्ट्रीय क्रॉस कंट्रीबरोबर दक्षिण आशियाई स्पर्धाही झाली, आणि कोहिमा १,४०० मीटरच्या वर आहे. आशियाई क्रॉस कंट्री २०१८ मध्ये चीनमधल्या ग्वियांगच्या पठारावर झाली. जागतिक स्पर्धा २०१७ मध्ये युगांडाच्या कंपाला शहरात झाली, साधारण १,२०० मीटरवर. केनियातलं एल्डोरेट तर २,१०० मीटरवर आहे आणि तिथेही आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री भरवतात.

वर नेमकं काय बदलतं

हवेतला ऑक्सिजनचा वाटा खाली-वर सगळीकडे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. २,२०० मीटरच्या आसपास दाब समुद्रसपाटीच्या जवळपास तीन-चतुर्थांश राहतो, म्हणून प्रत्येक श्वासात तेवढाच कमी ऑक्सिजन आत येतो. बसल्या जागी हे कळतही नाही. धावायला लागलं की पहिल्या चढावर कळतं. चांगला सराव असलेल्या धावपटूचीही ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता एवढ्या उंचीवर दहा ते पंधरा टक्क्यांनी खाली येते. जितका कसलेला धावपटू, तितकी घट बऱ्याचदा जास्त, कारण तो आधीच आपल्या क्षमतेच्या काठावर धावत असतो.

यातलं सगळ्यात जुनं आणि बोलकं उदाहरण १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिम्पिकचं. शहराची उंची २,२४० मीटर. दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता, २७ मिनिटं ३९.४ सेकंद. मेक्सिकोत केनियाच्या नफ्ताली तेमूने सुवर्ण जिंकलं ते २९ मिनिटं २७.४ सेकंदांत, म्हणजे विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून जास्त वेळ घेऊन. तिन्ही पदकं आफ्रिकेत गेली. क्लार्क सहावा आला आणि रेषा ओलांडताच कोसळला. आपली उटी जवळपास याच उंचीवर आहे, त्यामुळे तिथे तुमचं घड्याळ मागे पडलं तर मनाला लावून घेऊ नका.

शर्यतीचं अंतर आणि मैदान

जागतिक स्पर्धेत २०१७ पासून वरिष्ठ पुरुष आणि महिला दोघांनाही १० किलोमीटर असतं. वीस वर्षांखालील मुलांना ८ आणि मुलींना ६ किलोमीटर. शिवाय चार जणांची मिश्र रिले असते, प्रत्येकाला साधारण दोन किलोमीटरची एक फेरी. सांघिक निकालात सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवून बेरीज करतात. ज्यांची बेरीज सगळ्यांत कमी, तो संघ पहिला. म्हणून चौथ्या नंबरच्या मुलाने शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मागे टाकलेला एकेक जण संघाला पदकाजवळ नेतो. हे मुलांना आधीपासून सांगा, कारण एकट्याने भरतीचा सराव करणाऱ्या पोराला संघासाठी धावायची सवय नसते.

मैदान गवताचं, फेरी दीड ते दोन किलोमीटरची, चढ-उतार हवेतच. कधी चिखल, कधी वाळू, कधी गवताचे भारे ओलांडायचे. डेन्मार्कमधल्या आरहूसला २०१९ मध्ये एका संग्रहालयाच्या उतरत्या गवताळ छपरावरूनच वाट नेली होती. मिळेल त्या मार्गाचा नकाशा आधी मागवा आणि चढ फेरीत कुठे आहे ते पाहा. सुरुवातीलाच चढ असेल तर उंचावर तो दुप्पट महाग पडतो.

पहिलं काम: रक्त तपासा, तेही आठ-दहा आठवडे आधी

सरावाच्या तक्त्याआधी मी मुलांना रक्त तपासायला पाठवतो. उंचीवर गेल्यावर शरीर एक-दोन दिवसांत एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त तयार करू लागतं. त्यातून तांबड्या पेशी वाढतात, पण त्याला तीन-चार आठवडे लागतात आणि त्यासाठी लोह लागतं. साठा रिकामा असेल तर वर राहून काहीच पदरात पडत नाही. उलट मुलगी दिवसेंदिवस दमत जाते आणि आपण म्हणतो, हिचा सराव कमी पडला.

म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका. फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी, तपासणी करा. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. धडगावकडची एक मुलगी, डोंगर चढायला वाघीण, पण चौथ्या किलोमीटरनंतर हमखास मागे पडायची. आम्ही तिला वर्षभर मानसिक तयारीचे धडे देत होतो. तपासलं तर फेरिटिन ९. तिच्यात जिद्दीची कमी कधीच नव्हती, आणि ते वर्ष आठवलं की मला अजून वाईट वाटतं. उंचीवर जाण्याआधी फेरिटिन निदान ३० च्या वर असावं, ४०-५० असेल तर उत्तम, असं क्रीडावैद्यक जाणणारे बरेच डॉक्टर सांगतात. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, कारण लोह जास्त झालं तरी अपाय होतो. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका. आपल्याकडे पहाटेच्या सरावानंतर घरी येताच कपभर चहा हातात पडतो, तो गोळीनंतर दोन तासांनी घ्या. लिंबूपाणी किंवा आवळा सोबत असेल तर लोह चांगलं शोषलं जातं.

दुसरी तपासणी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक रक्तदोषाची, आणि नंदुरबार जिल्ह्यासाठी मी तिला सगळ्यांत वर ठेवतो. सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल बऱ्याच जणांत आढळतो, आणि आपले कितीतरी गुणी धावपटू याच पाड्यांमधून येतात. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, त्याने तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उंचावर जोराची शर्यत धावू नये. यात तडजोड नको, कितीही मोठी स्पर्धा असली तरी. जो फक्त वाहक आहे, म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून एकाच बाजूने तो गुण आलेला आहे, त्याला खेळ बंद करण्याची गरज नसते. पण उंची, पाण्याची कमतरता आणि एकदम जोर, हे तिन्ही एकत्र आले तर वाहकालाही त्रास होऊ शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ आली तर ते प्लीहेचं दुखणं असू शकतं. पोटात वारा धरला म्हणून सोडून देऊ नका, धावणं थांबवून लगेच दवाखाना गाठा. पाय आखडून मुलगा बसकण मारत असेल तर त्याला ओरडून उठवू नका. साधी चाळणी चाचणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, आणि तिच्यात दोष दिसला की पुढची नेमकी तपासणी सुचवतात. अहवालाची प्रत संघाच्या डॉक्टरांकडे द्या. मुलं हा अहवाल लपवतात, संघातून काढतील म्हणून घाबरतात. त्यांना जवळ बसवून समजावून सांगणं हे शिक्षकाचं काम आहे.

घरची तयारी

आपल्याकडचे बहुतेक धावपटू पोलीस भरतीच्या सरावातून तयार होतात. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पहाटे पाच वाजता बायपासला, कॉलेजच्या मैदानावर, कॅनॉलच्या कडेने शेकडो पोरं पळत असतात. या सरावाने जिद्द येते, पण एक खोड लागते: शिट्टी वाजली की जीव तोडून सुटायचं. सोळाशेमध्ये हे खपून जातं. उंचावरच्या दहा किलोमीटरमध्ये हीच खोड माणसाला तिसऱ्या किलोमीटरला चालायला लावते. त्यामुळे निवडीनंतरच्या बारा आठवड्यांत पहिलं काम ही खोड मोडण्याचं.

मी असं करतो. रविवारी दीड तासाची सावकाश धाव, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल अशी. मंगळवारी चढ: साठ ते नव्वद सेकंदांचा चढ, आठ ते दहा वेळा, उतरताना चालत. गुरुवारी वीस ते तीस मिनिटं एकाच वेगाने, आणि अट एकच, दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा हळू होता कामा नये. जो पहिल्या भागात उधळला, तो पुढच्या गुरुवारी घड्याळाशिवाय धावतो. घड्याळ काढून घेतलं की पोरं श्वास ऐकायला लागतात, आणि वर गेल्यावर तेच कामाला येतं. उरलेले दिवस हलकं धावणं, एक दिवस पूर्ण आराम.

पायाखालची जमीन बदलत ठेवा. यात खानदेश श्रीमंत आहे. पावसानंतर काळ्या मातीत बुटाला किलोभर चिखल चिकटतो, युरोपातल्या चिखलाच्या फेरीची तयारी इथे फुकट होते. तापी, गिरणा, पांझरेच्या पात्रातली वाळू आहे. शेताचा बांध, गाडवाट, कापणी झालेलं वावर आहे. नांगरलेल्या ढेकळांत मात्र जोरात धावू नका, घोटा मुरगळला की सहा आठवडे गेले. मार्गावर गवत कोरडं असेल तर ६ ते ९ मिलिमीटरचे खिळे पुरतात, चिखल असेल तर १२ किंवा १५. दोन्ही जोड आणि खिळे काढायची किल्ली पिशवीत ठेवा. नवे बूट शर्यतीत पहिल्यांदा घालायचे नाहीत.

आता तोरणमाळ. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटरवर, उंची साधारण १,१५० मीटर. मुलं विचारतात, सर, महिनाभर तोरणमाळला राहिलो तर रक्त वाढेल का? प्रामाणिक उत्तर आहे, फारसं नाही. तांबड्या पेशी नीट वाढायला साधारण २,००० ते २,५०० मीटरवर तीन-चार आठवडे राहावं लागतं, आणि एवढी उंची महाराष्ट्रात कुठेच नाही. कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर आहे. तरीही मी दर वर्षी मुलांना तोरणमाळला नेतो. घाटाची वळणं चढून पोटऱ्या आणि मांड्या तयार होतात. यशवंत तलावाच्या आसपास थंड हवेत धावताना, खालच्यापेक्षा दम थोडा लवकर लागतो हे मुलांना पहिल्यांदा जाणवतं. दोन-तीन शनिवार-रविवार गेलात तरी पुरे.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्याला आपण शिव्या देतो. पण उन्हाची शरीराला नीट सवय लावली तर रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदयाचं काम सोपं होतं, आणि वर गेल्यावर नेमका हाच भाग आधी कमी होत असतो. म्हणजे आपलं ऊन उंचीच्या तयारीला थोडा हात देऊ शकतं. पण ही तयारी जपून करायची. सकाळी नऊच्या सुमारास, ३० ते ४५ मिनिटं, अगदी सावकाश, सोबत कुणीतरी आणि हाताशी पाणी-मीठ-साखर. धावण्याआधी आणि नंतर वजन करा, जेवढं घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं प्या. घाम यायचा थांबला, डोकं गरगरलं, बोलणं अडखळलं की तिथेच सावलीत घ्या आणि अंगावर पाणी ओता. लहान वयाच्या मुलांना हा प्रयोग करू देऊ नका, आणि दुपारी बारानंतर तर कुणीच नाही.

तोंडाला बांधायचे ‘उंचीचे मास्क’ बाजारात मिळतात. त्यांनी श्वास घेणं अवघड होतं, हवेतला दाब बदलत नाही. ते पैसे फेरिटिनच्या तपासणीला वापरा.

कधी पोचायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यातली एक मी स्वतः भोगली आहे. वीसेक वर्षांपूर्वी निलगिरीच्या उंचीवर एका निमंत्रितांच्या शर्यतीला आमचा संघ चार दिवस आधी नेला होता. सगळ्यांना वाटलं, चार दिवस म्हणजे भरपूर. पहिल्या दिवशी मी ताजातवाना होतो, दुसऱ्या रात्री झोप उडाली, तिसऱ्या दिवशी पाय जड, चौथ्या दिवशी शर्यत. घरच्या वेगाने सुटलो. तिसऱ्या किलोमीटरला छातीत हवा मावेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी शर्यतीत चाललो. तयारी पूर्ण होती, पोचायचा दिवस तेवढा चुकला होता.

उंचीवर साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंतचा काळ बहुतेकांना सर्वांत वाईट जातो. झोप मोडते, शरीरातलं पाणी कमी होतं, नाडी चढलेली राहते. म्हणून दोनच मार्ग चांगले. एक, निदान दोन आठवडे, जमलं तर तीन आठवडे आधी जा. दुसरा, शर्यतीच्या २४ तासांच्या आत वर पोचा आणि त्रास सुरू होण्याआधी धावून मोकळे व्हा.

दुसरा मार्ग घेताना एक अडचण येते. भुसावळहून दीड-दोन दिवस रेल्वेने जाऊन लगेच धावता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे पायथ्याच्या सखल गावी मुक्काम. कोहिमाला जायचं असेल तर चार-पाच दिवस आधी दिमापूरला पोचा. ते सखल भागात आहे आणि तिथून कोहिमा साधारण ७० किलोमीटर. प्रवासाचा शीण दिमापुरात घालवा, आदल्या दिवशी दुपारी वर जा. नागालँडला जायला इनर लाइन परमिट लागतं, ते आधीच काढा. उटीसाठी हेच काम कोइम्बतूर किंवा मेट्टुपाळयम करतं. घाटातल्या वळणांनी उलटी होणारी मुलं पुढच्या आसनावर बसवा.

तीन आठवडे मिळाले तर

पहिला आठवडा अभिमान बाजूला ठेवायचा. नेहमीच्या साठ-सत्तर टक्के धावणं, सगळं हलकं, घड्याळ न बघता. जोराचा सराव एकही नाही. मुलं ऐकत नाहीत, कारण दुसऱ्या राज्याची मुलं बाजूने सुसाट जाताना दिसतात. धरून ठेवा त्यांना. दुसऱ्या आठवड्यात अंतर पूर्ववत करा, आणि दोनशे-चारशे मीटरचे तुकडे सुरू करा, मधला आराम घरच्यापेक्षा दुप्पट. तिसऱ्या आठवड्यात शर्यतीच्या वेगाचा एखाद-दुसरा सराव, शेवटचे चार दिवस पुन्हा हलके.

ज्यांना सोय आहे ते वर राहतात आणि जोराचा सराव खाली उतरून करतात. लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी १९९७ मध्ये हीच पद्धत मांडली, २,५०० मीटरवर मुक्काम आणि साधारण १,२५० मीटरवर सराव. आपल्याला ती झेपेलच असं नाही, पण आठवड्यातून एकदा गाडीने खाली उतरून एक चांगला सराव करता आला तर जरूर करा.

रोज सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहा. घरच्यापेक्षा पाच-दहा ठोके जास्त असणं पहिल्या आठवड्यात स्वाभाविक आहे. आठवड्यानंतरही उतरत नसेल तर सराव कमी करा. डोकेदुखी थांबत नसेल, उलट्या होत असतील, बसल्या जागी धाप लागत असेल तर वाट पाहू नका, खाली उतरवा आणि डॉक्टरांना दाखवा.

थंडीचीही तयारी ठेवा. आपल्या मुलांकडे बऱ्याचदा एकच स्वेटर असतो. कानटोपी, हातमोजे, दोन जोडी मोजे जास्त, आणि ओठांना लावायला साजूक तूप. वरचं ऊन थंड वाटलं तरी कातडी भाजतं.

खाणं

उंचीवर शरीर पिष्टमय पदार्थ जास्त जाळतं आणि भूक मात्र मंदावते. म्हणून आवडीचं, ओळखीचं खाणं सोबत न्या. प्रवासात दशम्या दोन-तीन दिवस चांगल्या टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. रावेर-यावलची केळी वाटेत संपतील, पण केळी कुठेही मिळतात. घरी असताना दादरची किंवा कळण्याची भाकरी, उडीद-मटकीची उसळ, हिरव्या भाज्या, अळिवाचे लाडू, आणि जे खातात त्यांच्यासाठी अंडी-मटण. शर्यतीच्या आदल्या रात्री शेवभाजी आणि ठेचा नको, हे मी हात जोडून सांगतो. मुगाची खिचडी आणि तूप खा, ओळखीचा भात खा. पाणी तहान लागायची वाट न पाहता प्या, लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे.

औषधांबाबत सावध

उंचीच्या त्रासावर ट्रेकिंगवाले डायमॉक्स नावाची गोळी घेतात. तिच्यातलं ॲसिटाझोलामाइड हे लघवी वाढवणारं औषध आहे, आणि ते खेळाडूंसाठी बंदी असलेल्या यादीत आहे. भल्या मनाने कुणी दिली तरी घेऊ नका. खोकल्याच्या कितीतरी औषधांत टर्ब्युटालिन असतं, त्यावरही बंदी आहे. सलाइनमधून लोह घ्यायचं असेल तर त्यालाही मर्यादा आणि नियम आहेत. कुठलंही औषध घेण्याआधी राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, मार्गदर्शनातून खात्री करा, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी नोंदणीकृत खेळाडू आहे. एका बाटली खोकल्याच्या औषधापायी पोराची चार वर्षं जाऊ शकतात.

शर्यतीच्या दिवशी

कंपालाची २०१७ ची शर्यत मी मुलांना दर वर्षी सांगतो. युगांडाचा जोशुआ चेप्टेगी स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांसमोर धावत होता. शेवटच्या फेरीपर्यंत तो चांगलाच पुढे होता. मग एकाएकी त्याचे पाय सुटले, तो अडखळत, झुलत राहिला आणि ३० वा आला. केनियाचा जेफ्री कामवोरोर जिंकला. चेप्टेगी स्वतः उंचावरच्या भागातला. त्याच चेप्टेगीने २०१९ मध्ये आरहूसला सुवर्ण जिंकलं. विरळ हवेत आणि उन्हात लवकर जोर लावला की तो हिशोब शेवटी चुकता करावाच लागतो, मग धावपटू कितीही मोठा असो.

आता आकड्यात. तुम्ही घरी किलोमीटर ३ मिनिटं २० सेकंदांनी धावत असाल, तर २,००० मीटरच्या वर साधारण चार ते सहा टक्के हळू धरा, म्हणजे ३:३० च्या आसपास. पहिला किलोमीटर त्याहूनही पाच-सात सेकंद हळू. शंभर जण तुमच्या पुढे जातील. जाऊ द्या. माझ्या मुलांना मी दोरीच्या कडेने एकच ओरडून सांगतो, “पहिला फेरामा दम राख, भो!” उंचीवर एकदा दम गेला की धावता धावता तो परत येत नाही. खाली तीस सेकंद सावरलं की श्वास बसतो, वर तेवढ्याने भागत नाही.

सुरुवातीच्या गर्दीत कोपर जवळ ठेवा, पहिल्या अरुंद वळणाआधी मधल्या जागी या, अगदी आत अडकू नका. चढावर पाऊल आखूड करा, हात थोडे जास्त हलवा, नजर सात-आठ मीटर पुढे. चढावर कुणाला मागे टाकायला जाऊ नका. मागे टाकायची जागा उतार आणि उतारानंतरचं सपाट, तिथे ऑक्सिजनची किंमत कमी पडते. एकदम झेप घेऊन पुढे जायची हौस टाळा, वेग वाढवायचा तर शंभर-दीडशे मीटरमध्ये हळूहळू. निम्मं अंतर झालं की पुढचा एकेक पाठमोरा बिल्ला मोजत जा. जे पहिल्या किलोमीटरला तुमच्या पुढे उधळले, त्यांतले कितीतरी जण सहाव्या-सातव्या किलोमीटरला सापडतात.

अंग तापवणं नेहमीपेक्षा लांब पण हलकं असू द्या, वीस मिनिटं सावकाश आणि शेवटी दोनच छोट्या जोरदार धावा. घरी सहा करत असाल तरी इथे दोनच. बुटाची नाडी दुहेरी गाठीने बांधून वर चिकटपट्टी मारा, वेळेची चिप पायावर आहे का ते पाहा, बिल्ल्याला चार पिना.

शर्यत संपल्यावर

रेषेपलीकडे लगेच आडवं होऊ नका, चालत राहा. अर्ध्या तासात काहीतरी गोड आणि खारट पोटात जाऊ द्या, कोरडे कपडे आधी, फोटो नंतर. दम पाच-सात मिनिटांनीही बसला नाही, ओठ निळसर दिसले किंवा बोलणं असंबद्ध वाटलं तर वैद्यकीय तंबूत न्या.

तीन आठवडे वर राहून आलेल्या धावपटूने खाली आल्यावर पुढची शर्यत ठरवताना घाई करू नये. काहींना उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस फार छान वाटतं, मग एखादा आठवडा पाय जड होतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा चांगला काळ येतो. प्रत्येकाचं अंग वेगळं, म्हणून वहीत लिहीत राहा. त्या मधल्या आठवड्यात भरतीची चाचणी किंवा जिल्ह्याची स्पर्धा ठेवू नका. खानदेशात परतल्यावर पहिले काही दिवस ऊन अंगावर येतं, तेव्हा धाव पहाटेचीच ठेवा. महिन्याभराने फेरिटिन पुन्हा तपासा, कारण वर तयार झालेल्या नव्या पेशींनी साठ्यातलंच लोह वापरलेलं असतं. धडगावच्या त्या मुलीचं फेरिटिन आता आम्ही दर तीन महिन्यांनी बघतो. मागच्या खेपेस ४४ होतं.